पहिला बंगला, पहिला पूर

पुण्या-मुंबईत दोन-तीन वर्षं मोठ्या ऑफिसात घासायची आणि मग गावी येऊन स्वतःचा बोर्ड लावायचा. सातारा-सांगलीतल्या तरुण आर्किटेक्टचं करिअर नेमकं कशावर उभं राहतं? थ्रीडी व्ह्यूवर, की जोत्यावर?

तुमच्या दहावीच्या बॅचमध्ये एक तरी असतेच. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत ए ग्रेड, वहीच्या मागच्या पानावर घरांची चित्रं, आणि बाकी सगळी वर्गवारी इंजिनीअरिंगला पळाली तेव्हा ही बया आर्किटेक्चरला गेलेली. तुमची डिग्री चार वर्षांत झाली, कॅम्पसमध्ये नोकरी लागली, पहिल्या पगारात आईला साडीही घेऊन झाली... हिचं आपलं पाचवं वर्ष चालूच! रात्रभर मॉडेल कापत बसायची, बोटांना फेविकॉल. आज तुम्ही हिंजवडीत किंवा ऐरोलीत, आणि ती साताऱ्यात पोवई नाक्याजवळ नाहीतर सांगलीत विश्रामबागेत, पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीच्या ऑफिसात. खाली झेरॉक्सचं दुकान, वर तिची पाटी.

आणि मग एका रविवारी बाबांचा फोन येतो. ‘अरे, तो प्लॉट पडूनच आहे. मी रिटायर व्हायच्या आत बांधून घेऊ म्हणतो.’ म्हणजे ईएमआय तुमचा, हौस त्यांची आणि ड्रॉइंग तिचं. झालात की नाही क्लायंट?

हा लेख तिच्याबद्दल आहे. आणि खरं सांगायचं तर तुमच्या पैशांबद्दलही.

पाच वर्षं आणि एक नंबर

आधी बेसिक फंडा क्लिअर करू. आर्किटेक्ट म्हणजे ‘घराचा डिझायनर’ एवढंच नाही. पाच वर्षांची बी.आर्क., त्याआधी ‘नाटा’ ही अॅप्टिट्यूड टेस्ट (२००६ पासून देशभर ती सुरू झाली), मधे एखाद्या ऑफिसात ट्रेनिंग, आणि शेवटी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा रजिस्ट्रेशन नंबर. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टनुसार हा नंबर असल्याशिवाय नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावता येत नाही. पण गंमत इथंच आहे. २०२० च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की कायद्यानं जपलंय ते फक्त हे बिरुद. घराचं डिझाइन करण्याचं काम दुसऱ्या कुणी करू नये, असं कायदा म्हणत नाही.

मोठ्या शहरात याचा फार फरक पडत नसेल. तालुक्याच्या गावात मात्र पडतो. तिथं ‘प्लॅन’ काढून देणारे अनेक. कुणी डिप्लोमावाला, कुणी कॉन्ट्रॅक्टर, तर कुणी नगरपालिकेत ओळखी असलेले काका. त्यातले काही खरंच हुशार असतात, हेही सांगायला हवं. पन्नास घरं बांधलेल्या माणसाला जे कळतं ते पन्नास शीट काढलेल्या पोरीला लगेच कळत नाही. पण लोकांच्या लेखी हे सगळे एकाच पंगतीतले. मग प्रश्न येतोच, ‘मॅडम, नुसत्या कागदाचे एवढे पैसे?’

सांगलीत आर्किटेक्चर शिकण्यासाठी आता बाहेर जायलाच हवं असं नाही. अप्पासाहेब बिरनाळे कॉलेज ऑफ आर्किटेक्चर गावातच आहे. तरी बहुतेक जण डिग्रीनंतर दोन-तीन वर्षं पुण्या-मुंबईतल्या ऑफिसात काढतात. तिथला पहिला पगार ऐकून आयटीतले मित्र गप्प बसतात. सहानुभूतीनं! कामही काय, तर टॉयलेट डिटेल्स आणि दरवाजांची शेड्युल्स. पण हा रिवाज जुना आहे. बाळकृष्ण दोशी हे पुण्यात १९२७ साली जन्मलेले. फर्निचरचा धंदा असलेल्या घरातला हा मुलगा १९४७ मध्ये मुंबईच्या जे. जे. मध्ये दाखल झाला, कोर्स पुरा न करताच लंडनला गेला आणि तिथून पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या ऑफिसात शिरला. पहिले आठ महिने पगार शून्य. आर्किटेक्चरचं नोबेल म्हणतात तो प्रिट्झकर पुरस्कार त्यांना मिळाला २०१८ मध्ये, म्हणजे वयाच्या नव्वदीत. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२३ मध्ये ते गेले. तेव्हा पंचविशीत ‘माझं काही होत नाही’ म्हणून रडणाऱ्यांनी जरा दम खावा. हा धंदाच उशिरा पिकणारा आहे. (फुकट राबवून घेणाऱ्या ऑफिसांनी मात्र दोशींचं उदाहरण देऊ नये. घरभाडं पॅरिसच्या काळातलं राहिलेलं नाही.)

‘साहेब कुठायत?’

गावी आल्यावर पहिला प्रोजेक्ट काय मिळतो? बंगला नाही. कंपाऊंड वॉल मिळते. मामांच्या दुकानाचं फर्निचर मिळतं. काकांच्या मंगल कार्यालयाला नवी कमान मिळते आणि तिच्यावर ग्रीक खांब हवेत, अशी मागणीही मिळते. पट्टा उसाचा असेल तर बिल आलं की बांधकाम जोरात, बिल लांबलं की सेंट्रिंग तसंच उभं. आर्किटेक्टच्या फीचा नंबर त्यानंतर.

सांगली-मिरजेत एक वेगळी सोय आहे, डॉक्टर. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि तेव्हापासून हे गाव वैद्यकीचं झालं. कर्नाटकातूनही पेशंट इथं येतात. त्यामुळे दवाखाने, डायग्नोस्टिक सेंटर्स, नर्सिंग होम्स यांची कामं निघत राहतात. क्लायंट शिकलेला, वेळ कमी, बजेट नक्की. दवाखाना म्हणजे तरुण आर्किटेक्टसाठी उत्तम शाळा. स्ट्रेचर कुठून वळणार, नातेवाईक कुठे बसणार, चपलांचा ढीग कुठे पडणार... हे न सोडवता नुसतं काचेचं एलेव्हेशन केलं तर आठवड्यात बोंब होते.

साइटवर मुलगी असेल तर आणखी एक परीक्षा. गवंडी तिच्या खांद्यावरून मागे बघतो, ‘साहेब कुठायत?’ साहेब नाहीत, मीच आहे, हे दोनदा सांगावं लागतं. तिसऱ्यांदा सांगावं लागत नाही, कारण तोवर तिनं ओळंबा लावून भिंत अर्ध्या इंचानं बाहेर गेलेली दाखवलेली असते. मग ‘मॅडम’ची ‘ताई’ होते आणि चहा न मागता येतो.

एका जिल्ह्यात दोन छपरं

सातारा जिल्ह्याचा नकाशा आर्किटेक्टच्या डोळ्यांनी बघा. पश्चिमेला महाबळेश्वर, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून पूर्वेला माण तालुक्यात उतरा, पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात दहापट फरक! सांगलीतही तेच. शिराळ्याकडे भाताची खाचरं आणि आटपाडी-जतकडे टँकर. म्हणून पूर्वी पश्चिमेकडे उतरती कौलारू छपरं आणि पुढे सोपा, तर पूर्वेकडे जाड भिंती आणि मातीचं माळवद. लोकांनी हे कुठल्या कॉलेजात शिकलेलं नव्हतं. पावसानं आणि उन्हानं शिकवलेलं होतं.

आता मात्र दोन्हीकडे एकच बंगला. सपाट स्लॅब, समोर काच, एसीपीची निळी-करडी पट्टी, गच्चीवर स्टीलचं रेलिंग. पाटणला तो गळतो आणि दहिवडीला तो भाजतो. इन्स्टावरच्या फोटोत दोन्ही छान दिसतात.

सुरुवातीच्या काळात तरुण आर्किटेक्टची सगळ्यात मोठी लढाई असते ती याच फोटोशी. क्लायंट मोबाइल पुढे करतो, ‘अगदी असंच पाहिजे.’ फोटो असतो बालीचा, प्लॉट असतो विट्याचा. ‘नाही’ म्हटलं तर काम जातं, ‘हो’ म्हटलं तर मे महिन्यात त्याच काचेमागे त्याचीच आई भाजते. हुशार पोरं मधला रस्ता काढतात. काच ठेवतात, पण तिच्यापुढे चार फुटांची पडवी आणतात. क्लायंटला वाटतं डिझाइन, आजीला वाटतं सोपा.

खालच्या जमिनीचीही तीच कथा. साताऱ्याच्या डोंगराकडे हात-दोन हात खणलं की मुरूम, मग कातळ. पाया स्वस्त. पण कृष्णाकाठची काळी माती ही वेगळीच जात. ऊस झकास येतो, घर मात्र नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं घर दरवर्षी थोडं थोडं हलतं. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेलेली पाहिलीत ना? त्यावर पुट्टी मारून उपयोग नाही. एकतर घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, नाहीतर खाली फुगवटा असलेले पाइल घ्यायचे, ज्यांना अंडर-रीम्ड म्हणतात. दोन्हींत पैसे जमिनीत जातात. आणि जमिनीत गेलेले पैसे वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना दिसत नाहीत, हीच तर अडचण!

वर कोयनेची आठवण आहेच. ११ डिसेंबर १९६७, पहाट. कोयनानगरच्या भूकंपात पाटण तालुक्यात घरंच्या घरं बसली आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती वाईट नसतात. पण भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू आरपार दगडांनी एकमेकींत गुंतवलेली नसेल, दाराच्या वरून घराभोवती काँक्रीटचा पट्टा फिरवलेला नसेल, तर हादऱ्यात भिंत फुटून दोन्हीकडे कोसळते. ‘जुनं ते सोनं’ म्हणत मातीची घरं बांधायला निघालेल्या शहरी मंडळींनी हे आधी वाचावं.

वडेश्वरचं देऊळ

याच काळ्या दगडाच्या मुलखातली, पुणे जिल्ह्यातली एक गोष्ट. आर्किटेक्चरच्या मासिकांत ती गाजली, पण गावी बोर्ड लावणाऱ्यांनी ती जास्त वाचायला हवी. मुंबईचे समीप पाडोरा हे हार्वर्डला शिकून आलेले. हार्वर्डच्या डिग्रीनंतर माणूस काय करेल? टॉवर करेल, मॉल करेल. त्यांच्या ऑफिसचं नाव आधी झालं ते २०१० मध्ये पूर्ण झालेल्या एका छोट्या शंकराच्या देवळामुळे, वडेश्वर नावाच्या गावी.

गावाकडे पैसा बेताचा, पण हात भरपूर. म्हणून देऊळ श्रमदानातून बांधलं. दगड जवळच्याच खाणीतला. डिझाइन ठरवताना पुजारी आणि गावकरी यांच्याशी बोलणी झाली. शेवटी देवळातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्न आला. मंडप सोडला. त्याऐवजी झाडं, वाट आणि भिंत मिळून बाहेरच एक मोकळी खोली तयार झाली, वर आकाश असलेली. शिखर ठेवलं, कारण लांबून शिखर दिसलं नाही तर ते देऊळ कसलं? पण त्यावरचं नक्षीकाम गाळलं. दगडाच्या थरांनीच आकार घेतला आणि वरून उजेड गाभाऱ्यात उतरला.

मला या देवळाचं कौतुक फोटोंसाठी नाही वाटत. ते वाटतं हिशेबासाठी. नक्षी परवडत नव्हती, मग नक्षीचं नाटक केलं नाही. फायबरचे कळस आणि सिमेंटचे हत्ती बसवले असते तर स्वस्तात पडलं असतं आणि गावाला आवडलंही असतं. एका तरुण ऑफिसनं तो मोह टाळला आणि गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी ते उभारलं, यात दोघांचीही कमाल आहे.

याच ऑफिसनं पुढे साकरवाडीला ‘जेतवन’ केलं, त्या भागातल्या आंबेडकरी बौद्ध समाजासाठी ध्यान आणि कौशल्य प्रशिक्षणाचं केंद्र. भूजच्या हुन्नरशाळा या संस्थेची साथ होती. अट अशी की जागेवरचं एकही झाड तोडायचं नाही. म्हणून एका मोठ्या इमारतीऐवजी झाडांमधल्या मोकळ्या जागांत बसतील अशा लहान इमारती केल्या. भिंतींना काय वापरलं? खाणीवर वाया जाणारी दगडाची भुकटी. ती साच्यात थरांनी घालायची, ठोकायची, पुन्हा घालायची. छपरावर जुन्या घरांची कौलं, खाली शेणमातीची जमीन. त्यानंतर कोपरगावच्या शाळेतली माया सोमय्या लायब्ररी, २०१८ मधली. विटांची पातळ कमान जमिनीतून उठते आणि पुन्हा जमिनीला टेकते. पोरं पुस्तक वाचतात आत आणि खेळायला चढतात तिच्याच पाठीवर.

आता साताऱ्यात गाडी काढून कुठल्याही क्रशरजवळून जा. डस्टचे डोंगर दिसतील. ती वाळूच्या जागी वापरतातच, पण तिच्या भिंती करता येतील असं सुचायला कुणीतरी तिथं थांबून बघायला हवं. बाहेरचा आर्किटेक्ट येऊन जातो. इथल्या पोरीला तोच ढीग रोज दिसतो, हा तिचा अॅडव्हान्टेज.

नदीचं ऐकणारी भिंत

आता नदीबरोबर खाली उतरू. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा पहिल्यांदा मोठ्या गावातून जाते ती वाईत. शेजारचं मेणवली तुम्हाला माहीत आहेच. नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. ‘स्वदेस’ (२००४) मधलं शाहरुखचं चरणपूर ते हेच. नासा सोडून गावी येणाऱ्या इंजिनीअरची ती स्टोरी बघून त्या वर्षी कितीजणांनी रुमाल भिजवले आणि सोमवारी परत ऑफिस गाठलं, ते असो!

वाईत घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेलं. पुढून दर्शन घेऊन सगळे परततात. तुम्ही मागे जा. देवळाची मागची भिंत सरळ नाही, ती माशाच्या आकारात निमुळती होत गेली आहे. देऊळ नदीच्या पात्रालगत, पूर ठरलेला. सरळ भिंतीवर पाण्याचा लोंढा थेट आदळला असता. या भिंतीवर येऊन तो दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. अडीचशेच्या वर पावसाळे गेले, देऊळ जागेवर आहे.

ही कृष्णा पुढे कऱ्हाडला कोयनेला घेते आणि सांगलीत येईपर्यंत तिचं रूप पालटलेलं असतं. सांगलीच्या खाली लगेच हरिपूरला वारणा मिळते. दोन्ही नद्या एकाच वेळी भरून आल्या की पाणी पुढे सरकत नाही, गावात शिरतं. १९२९ च्या आयर्विन पुलावर पाणी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २००५ मध्ये ते ५३ फुटांच्या वर गेलं. लोक म्हणाले, असा पूर पुन्हा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं. २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या पुढे. सोळा वर्षांत तीन. सांगलीकर आज पत्ता सांगताना ‘आमच्याकडे दोन हजार एकोणीसला एवढं होतं’ म्हणून कंबरेला हात लावून दाखवतो, नाहीतर गळ्याला.

म्हणून इथल्या तरुण आर्किटेक्टचा खरा डिझाइन प्रोजेक्ट हा आहे. बालीचा फोटो नव्हे.

कागदावर नियम आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधे अटींवर परवानगी आणि जोतं लाल रेषेच्या वर. पण घर कागदावर राहत नाही. जोतं चार फूट उचला म्हटलं की आठ पायऱ्या आल्या. बाबांचे गुडघे दुखतात, आईचं ऑपरेशन झालंय. मग रॅम्प. चढायला सोपा हवा तर एका फुटाला बारा फूट लांबी, म्हणजे चार फुटांना अठ्ठेचाळीस. आणि प्लॉट? दीड गुंठा! आता बसा पेन्सिल घेऊन. चांगली आर्किटेक्ट तो रॅम्प घराभोवती फिरवते, मधे वळणावर कट्टा देते, बाजूला तुळस आणि जास्वंद. बाबा त्यावर सकाळचा वॉक घेतात आणि त्याला रॅम्प म्हणतच नाहीत.

चार फूटही पुरत नाहीत अशा गल्ल्या आहेत. तिथं खाली फक्त गाडी आणि खांब, राहणं वरच्या मजल्यावर. ते जमत नसेल तर निदान हे तरी: मीटर आणि स्विचबोर्ड उंचावर, वायरिंग छतातून खाली. किचनच्या ट्रॉल्या प्लायवूडच्या नकोत, दोन दिवस पाण्यात राहिल्या की फुगून बंदच होत नाहीत. कडाप्प्याची मांडणी बरी. ड्रेनेजच्या पाइपला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, कारण पुराचं पाणी दारातून येण्याआधी संडासातून येतं. गच्चीचा जिना घराच्या आतून, म्हणजे रात्री वर जाता येईल. आणि धान्य, कागदपत्रं, अल्बम यांना वर एक पोटमाळा. जुन्या घरांत तो होताच. आपण फॉल्स सीलिंग करताना काढून टाकला.

यातलं काहीही थ्रीडी व्ह्यूमध्ये दिसत नाही. क्लायंटला फी सांगताना तिची खरी पंचाईत इथं होते. व्हॉल्व्ह आणि पोटमाळ्यासाठी कोण तिला जास्त पैसे देणार? देतात, पण ज्यांच्या घरात चिखल काढलाय ते. २०१९ नंतर सांगलीत हे बोलणं थोडं सोपं झालं. नव्या कॉलनीत, बाहेरून येऊन प्लॉट घेतलेल्यांशी ते अजून अवघड आहे. ‘इथं कधी पाणी येत नाही’ असं प्लॉट विकणाऱ्यानं सांगितलेलं असतं. ती मग मोबाइलवर जुना नकाशा काढते, शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांना हाक मारते आणि विचारते, ‘आजोबा, एकोणीसला पाणी कुठवर होतं?’ आजोबा काठी उचलून भिंतीवर दाखवतात. त्या एका रेषेनं जेवढी कामं मिळतात तेवढी वेबसाइटनं मिळत नाहीत.

तुमचा रविवारचा फोन

तर बाबांचा फोन आला की काय कराल? ‘कुणाकडून तरी प्लॅन काढून घ्या, पास करून घ्या, बाकी गवंडी बघेल’ म्हणाल, तर तिची फी वाचेल. घराच्या खर्चात ती तशीही लहान असते. पण पाया किती खाली आणि जोतं किती वर, हे मग गवंड्याच्या सवयीनं ठरेल. तो बिचारा मागच्या घरासारखंच करणार. मागचं घर कुठल्या मातीवर होतं, कोण जाणे.

तिला बोलवलंत तर एक पथ्य पाळा. पहिल्या मीटिंगला मोबाइलमधले फोटो दाखवू नका. प्लॉटवर घेऊन जा, शक्यतो पावसात. वास्तुशास्त्रवाल्या काकांना हवं तर सोबत न्या. स्वयंपाकघर आग्नेयेला बसवायला तिची ना नसते. तिच्या हातात खड्डा घ्यायची पहार द्या, नाहीतर शेजाऱ्यांच्या विहिरीत डोकावू द्या. बजेट खरं सांगा. तुमच्याकडे पस्तीस लाख असताना पन्नास सांगितलेत तर ती पन्नासाचं घर काढते, आणि पंधरा लाख कापायची वेळ येते तेव्हा कात्री नेमकी पायावर आणि जोत्यावर चालते. ग्रॅनाइटवर नाही.

फी टप्प्याटप्प्यानं द्या आणि वेळेवर द्या. तिलाही ऑफिसचं भाडं आहे, सॉफ्टवेअरचं लायसन्स आहे, आणि घरी ‘पुण्यातली नोकरी का सोडलीस’ विचारणारी मंडळी आहेत. साइटवर येण्याचे तिचे दिवस लिहून घ्या. पायाचं काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी ती तिथं असायलाच हवी. बाकी कुठं नसली तरी चालेल.

वास्तुशांतीला तिला बोलवतातच. ती येते, प्रसाद घेते, पुरणपोळी खाते आणि सगळे दिवाणखान्यातल्या टीव्ही युनिटचं कौतुक करत असताना मागच्या दारानं हळूच बाहेर जाऊन जोत्याच्या कडेचं पाणी कुठं वाहतंय ते बघून येते. मग जुलै उजाडतो. कोयनेतून विसर्ग वाढवल्याच्या बातम्या सुरू होतात, आयर्विनवरचा आकडा व्हॉट्सअॅप ग्रुपवर तासातासाला फिरू लागतो, आणि गेल्या चार वर्षांत बांधलेल्या सगळ्या घरांचे मालक तिला एकामागून एक फोन करू लागतात. तीही त्या दिवसांत फोन चार्जरवरून काढत नाही.